रांगेत उभे राहिलेले तीन ठिपके

१

शोध बंद करायचा कागद दुपारी बारा वाजता तळघरात पोचला. भरतीबाई तेव्हा डबा उघडायच्या बेतात होत्या. तो त्यांनी पुन्हा झाकून बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

या बाईंचं खरं नाव कार्यालयात फार थोड्यांना आठवायचं. तीस वर्षं त्या सागरी बचाव केंद्राच्या तळघरात बसून भरती-ओहोटीची कोष्टकं करत होत्या, म्हणून भरतीबाई. वरच्या मजल्यावर धावपळ चालायची, फोन खणखणायचे. खाली बाई, पेन्सिल आणि समुद्राचा हिशेब. पण केंद्राचा एक नियम होता आणि तो मोठ्या शहाणपणाचा होता. एखाद्याचा शोध थांबवायचा असेल, तर त्या शोधात ज्याचा हात नाही अशा एका माणसाने सगळे कागद पहिल्यापासून वाचायचे आणि मगच सही करायची. शोधणारा दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाला आपली चूक दिसत नाही. या महिन्यात ही पाळी भरतीबाईंची होती.

हकीकत साधी होती. परवा दुपारी चार वाजता एक छोटं मालवाहू जहाज बुडालं. जहाजावर बारा माणसं. अकरा जण पहिल्या रबरी तराफ्यावर होते, त्यांना गस्तीच्या बोटीने संध्याकाळी उचललं. बारावा जहाजाचा स्वयंपाकी. पहिल्या तराफ्यात गर्दी झाली म्हणून तो दुसरा तराफा सोडायला मागे गेला, आणि मग कोणालाच दिसला नाही.

सहा वाजता हेलिकॉप्टरने बुडाल्या जागी एक वाहता बोया टाकला. नारिंगी, गुडघ्याएवढा, खाली पाण्यात कापडाचं शेपूट. हा बोया कोणाला वाचवत नाही. तो नुसता तराफ्यासारखा वाहत जातो आणि दर पंधरा मिनिटांनी 'मी इथे आहे' असं केंद्राला कळवतो. म्हणजे पाणी माणसाला कुठे नेत असेल ते समजतं. काल सकाळपासून शोध त्या बोयाभोवतीच्या पाच मैलांच्या वर्तुळात चालला होता. वर्तुळ दोनदा विंचरून झालं. कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'तराफा या क्षेत्रात असता तर शंभरात पंचाण्णव वेळा दिसला असता. सबब शोध पाच वाजता स्थगित करावा.'

हिशेब चोख होता. बाईंनी सहीसाठी पेन उघडलं, पण सवय कुठे जाते? त्यांनी बोयाच्या नोंदींचा कच्चा कागद मागवला. मशीनने धुऊन-पुसून दिलेला नको म्हणाल्या, जसा आला तसाच हवा.

आणि काल पहाटेच्या ओळींवर त्यांचं बोट थांबलं.

पाच तीसपर्यंत बोया शहाण्या मुलासारखा वायव्येला चालला होता, तासाला अर्धा मैल, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. आणि पाच तीसनंतर तो उलटा फिरला होता. प्रवाहाच्या तोंडावर. एकदम सरळ.

देवाने समुद्र केला तेव्हा हातात पट्टी घेतली नव्हती. तीस वर्षांत बाईंनी समुद्राने मारलेली सरळ रेघ एकदाही पाहिली नव्हती.

२

"ती खराब वाचनं आहेत हो," दिवसपाळीचा प्रमुख म्हणाला. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि आवाज बसला होता. "यंत्र कधीकधी बरळतं. मशीनने ती तिन्ही गाळून टाकली."

"तीन का गाळली?"

"कारण अर्ध्या मैलाच्या वेगाने चाललेला बोया पाऊण तासात सहा मैल उलटा कसा जाईल?"

"तेच मी विचारायला आले." बाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला. "पावणेसहाला दोन मैल. सहाला आणखी दोन. सव्वासहाला आणखी दोन. तिन्ही ठिपके एका रेषेत. अरे, एक ठिपका वेडा असतो हे मला मान्य आहे. पण तीन वेडे कधी रांगेत उभे राहतात का? तेही सारखं अंतर सोडून?"

प्रमुख खुर्चीत सरळ झाला.

"आणि सव्वासहानंतर बोया कुठे आहे बघ. जिथून निघाला तिथे परत गेला नाही. तिसऱ्या ठिपक्यापासूनच पुन्हा वायव्येला वाहायला लागला. वाचन खोटं असतं तर पुढचा ठिपका मागच्या जागी यायला हवा होता."

"मी सातला पाळीवर आलो," तो हळू म्हणाला. "पहाटपाळीने दोन आकडे दिले, बोया टाकला ती जागा आणि सातची जागा. मी दोन टोकं जोडली. तेरा तासांत जेमतेम अर्धा मैल सरकलेला दिसला. वाटलं, भांगाची भरती आहे, अष्टमीच्या सुमाराची दुबळी, पाण्याला जोर नाही…"

"भांगाला जोर नसतोच. पण इतकाही थंड नसतो. मला विचारायला खाली यायला जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा आहे." हे बाई रागाने बोलल्या नाहीत. मोजून सांगितलं, इतकंच.

"म्हणजे कोणीतरी बोया उचलून नेला?"

"नेला आणि पुन्हा सोडला. आपण दोन दिवस बोयाच्या मागे आहोत, आणि तो माणूस बोयाच्या पुढे सहा मैलांवर आहे. वर्तुळ पाच मैलांचं."

प्रमुखाने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. "बाई, हेलिकॉप्टरला अंधारापूर्वी एकच फेरी मिळेल. ते मी नुसत्या तर्कावर सहा मैल पुढे पाठवलं आणि बोया खरंच बिघडलेला निघाला, तर तो माणूस तुमच्या-माझ्या डोक्यावर. कोणी उचलला, कुठे उचलला, कुठे सोडला, हे मला माणसाच्या तोंडून हवं."

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी घालता घालता थबकल्या. उजव्या कडेला एक बारीक रकाना होता. बोया जाता जाता पाण्याचं तापमानही मोजायचा आणि तो रकाना कोणी कधी वाचत नसे.

रात्रभर सत्तावीस अंश. पावणेसहाला एकोणचाळीस. सहाला एक्केचाळीस. सव्वासहाला चाळीस. साडेसहाला पुन्हा सत्तावीस.

पहाटेच्या गार हवेत तो बोया कोणाच्या तरी उबेला बसला होता.

३

खाली जाताना त्या नातेवाइकांच्या खोलीत डोकावल्या. तिथे स्वयंपाक्याची बायको बसली होती. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या तिने भिंतीला नीट लावून ठेवल्या होत्या. नुसतं बसवत नाही म्हणाली.

"थांबवणार आहात ना शोध?" तिने सरळ विचारलं.

खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं. "कागद माझ्याकडे आहे. अजून सही केली नाही."

"आमचे हे घरी मीठ कुठे ठेवलंय ते शोधत नाहीत हो, मला हाक मारतात. आणि त्यांना शोधायला इतकी माणसं!" ती हसली, मग पदराने नाक पुसलं. "माझा धाकटा भाऊ पण गेलाय बोट घेऊन. दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. हे आधी त्याच्याच बोटीवर होते. सोडून जहाजावर गेले, त्याचा राग. पण बातमी कळली तसा जेवणावरून उठला."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वर जाऊन नोंदी पाहिल्या. काल पहाटे त्या पाण्यात तीनच बोटी शोधात होत्या. गस्तीची बोट, या मेव्हण्याची मासेमारी बोट आणि बंदराची टगबोट, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी.

गस्तीच्या अधिकाऱ्याने फोनवरच निकाल लावला. "पाच ते सात आम्ही धक्क्यावर तेल भरत होतो. पंपवाल्याला विचारा, मी त्याच्याशी पाऊण तास भांडलोय."

पंपवाल्याने भांडण शब्दाशब्दाने सांगितलं. एक नाव गळालं.

मेव्हण्याच्या कागदावर मात्र पाच ते सात या वेळेत एक अक्षर नव्हतं. दर अर्ध्या तासाला जागा कळवणारा माणूस दोन तास मुका झाला होता.

४

मेव्हणा धक्क्यावर बर्फ उतरवत होता. बर्फावर मासळी नव्हतीच, दोन दिवस जाळं टाकलं नव्हतं. तो नुसता वितळता बर्फ समुद्रात लोटत होता.

"पाच ते सात कुठे होतास?"

"माझ्या हद्दीत."

"मग कळवलं का नाहीस?"

"झोप लागली."

"बोट चालू ठेवून? बाबा, मी तळघरातली आहे, पण तिथेही बिनडोक माणसं राहत नाहीत."

त्याने फावडं टाकलं. "लिहा काय लिहायचं ते. मीच दाजींचं वाईट केलं असंच गाव म्हणतंय ना?"

"गावाचं राहू दे. तू सांग."

"मला जी हद्द दिली होती ती मला पटली नाही. मी या पाण्यात वीस वर्षं आहे. ते वर ओढतं. म्हणून हुकूम सोडून वर गेलो. तीन मैल. भोंगा वाजवला, हाका मारल्या. 'दाजी' म्हणून नाही मारल्या, नावाने मारल्या, वर्षभरात पहिल्यांदा. मग रेडिओवर 'जागा कळवा' म्हणून ओरडा पडला, बोट परत वळवली. हद्द सोडली म्हणून परवाना जाईल, तर गप्प बसलो."

बाईंनी डेकवर तळवा टेकवला. खाली बर्फाचं कोठार, इंजिन पार पुढे. लाकूड हाताला गारेगार लागलं. जाळी, बर्फ, पुन्हा जाळी. एक्केचाळीस अंशांची जागा या बोटीवर औषधालाही नव्हती.

"वर जाताना बोया दिसला होता?"

"दिसला ना. नारिंगी. त्याच्यावरचा दिवा विझला होता. पाच-सव्वापाचला. मोठ्या जहाजांच्या वाटेत शिरत होता." तो आठवत म्हणाला. "येताना मात्र नव्हता. पावणेसात असतील. म्हटलं, एवढ्यात गेला कुठे?"

"तुझी बोट किती पळते?"

"म्हातारी आहे हो. साडेपाच मैल, तेही वारा मागे असला तर."

बोया तासाला आठ मैलांनी गेला होता. पंधरा मिनिटांत दोन मैल, तंतोतंत. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझं पाणी बरोबर ओढत होतं. तू अजून मैल-दोन मैल गेला असतास तर बरं झालं असतं."

तो काही विचारेपर्यंत त्या चालू लागल्या होत्या. उरलेल्या बोटीच्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे देवळातल्या समईवर वात चोरल्याचा आळ घेण्यासारखं होतं.

५

टगबोटीच्या कप्तानाला सगळं बंदर नियमवाले आजोबा म्हणायचं. पंचेचाळीस वर्षांची चाकरी आणि एक ठपका नाही. हाताखालच्यांना ते सांगायचे, "नियम म्हणजे आधी बुडालेल्यांनी मागे ठेवलेली चिठ्ठी. ती वाचावी." शोधात या म्हणून त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, स्वतःच आले होते. बुडत्याला झेंडा विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, आधी हात देतात, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

आजोबा मागच्या डेकवर दोरखंडाची गुंडाळी घालत होते. बाई जिना चढल्या आणि कठड्याला धरायच्या ऐवजी खाली वाकल्या. तळवा टेकवला, तो लगेच उचलला. इंजिनाच्या झाकणाचं लोखंड तव्यासारखं तापलं होतं.

"जपून हं बाई. इंजिन बंद करून तास झाला तरी निवत नाही ते."

"आजोबा, तुमची टग साधारण किती वेगाने जाते?"

"आठ. चाळीस वर्षं आठच. घाई करून कोणाचं भलं झालंय?"

"काल पहाटे तुम्ही एक बोया उचललात का हो?"

"उचलला की," आजोबा मोकळेपणाने म्हणाले. चेहऱ्यावर जरासा अभिमानच होता. त्यांनी आतून वही आणली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पाच एकतीस. जहाजमार्गात सुटलेला बोया, दिवा बंद, उचलला. सहा सोळा. मार्गाबाहेर आग्नेयेस सुरक्षित पाण्यात सोडला.' दोन्ही जागांचे आकडे, अंश, कला, अगदी विकलेपर्यंत. "बंदराचा स्थायी हुकूम आहे. जहाजांच्या वाटेत सुटलेली वस्तू दिसली तर बाहेर नेऊन सोडावी. अंधारात कोणाच्या पंख्यात अडकली तर?"

"रेडिओवर का नाही कळवलंत?"

"शोध चालू असताना संकटाच्या वाहिनीवर फुटकळ बोलू नये, हाही हुकूमच आहे. कुठे तरी तो माणूस हाक मारत असेल आणि आपल्या बडबडीत ती बुडायची. म्हणून वहीत लिहिलं. कोणी विचारलं असतं तर दाखवली असती." ते थांबले. बाईंच्या चेहऱ्यात त्यांना काहीतरी दिसलं. "का? कोणाचा होता तो बोया?"

बाई तिथेच दोरखंडावर बसल्या. काही गोष्टी उभ्याने सांगू नयेत.

त्यांनी सगळं सांगितलं. बोया कशासाठी असतो, त्याच्यामागे शोध कसा चालतो, सहा मैल म्हणजे काय. आजोबा समोर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन्ही नियम पाळले मी," ते म्हणाले. "दोन्ही."

"पाळलेत. आणि केंद्राने बोया टाकला ते एकाही बोटीला सांगितलं नाही. म्हणाले, तो फक्त आमच्या हिशेबासाठी. मशीनने तीन ठिपके गाळले. पाळी बदलताना दोन टोकं तेवढी हाती दिली. आजोबा, यात दुष्ट कोणी नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं आणि मधली जागा कोणाचीच नव्हती."

"तो माणूस गेला असेल तर मला हे सांगून काय उपयोग?"

"गेला असेल तर नाही. पण पाणी सत्तावीस अंशांचं आहे, वारा पडलेला आहे, आणि तराफ्यात पिण्याचं पाणी असतं. तुमच्या वहीतले हे आकडे मला द्या. अहो, दुसऱ्या कोणी उचलला असता तर 'साधारण तिकडे कुठेतरी' म्हणून सांगितलं असतं. तुम्ही विकलेपर्यंत लिहिलंय."

आजोबांनी वही पुढे केली. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

६

प्रमुखाने वही पाहिली आणि नकाशा फळीवर पसरला. भरतीबाईंनी पेन्सिल घेतली. उचलल्या जागेपासून पुढे, भांगाचं पाणी, तास मोजत, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मशीनला नवे आकडे भरायला वेळ लागत होता. बाईंनी तोवर एक गोल काढला.

"इथे."

हेलिकॉप्टर साडेतीनला उडालं. प्रमुखाने तिन्ही बोटींना बोयाबद्दल सांगितलं, या वेळी रीतसर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. टगबोट धक्का सोडून निघालीसुद्धा. आठ मैलांच्या वेगाने ती अंधारापूर्वी पोचणार नव्हती, पण आजोबांना थांबा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मेव्हणा तर कोणी सांगायच्या आतच बोट घेऊन निघाला होता.

भरतीबाई नातेवाइकांच्या खोलीत येऊन बसल्या. सही न केलेला कागद पर्समध्ये होता. त्यांनी स्वयंपाक्याच्या बायकोला झालेलं सगळं सांगितलं, कारण तिचा तो हक्क होता. आशा लावायची नाही आणि तोडायचीही नाही, हे फार कठीण काम. बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या आणि ती बाई खुर्च्या पुन्हा एकदा सरळ करत होती.

पाच वाजले. मग सव्वापाच.

पाच बावीसला प्रमुख दारात आला. पायांत चप्पल नव्हती, जिन्यात कुठेतरी सुटली असावी. "तराफा दिसला," तो म्हणाला. "बाईंच्या गोलाच्या आत, कडेपासून पाऊण मैल. माणूस आहे. बसलेला आहे. हात हलवतोय."

बायको मटकन खाली बसली. इतक्या खुर्च्या नीट लावल्या होत्या, बसली ती जमिनीवर.

"वर घेतलंय त्यांना. ओठ फुटलेत, बाकी ठीक. पण ते हेलिकॉप्टर वळवू देत नाहीयेत. म्हणतात, अजून अकरा जण पाण्यात आहेत."

"काय?"

"पहिला तराफा उलटलेला त्यांनी पाहिला होता. तो मग सरळ करून सगळे परत चढले, हे त्यांना दिसलंच नाही. त्यांना वाटलं आपण एकटेच वाचलो. दोन दिवस ते उठून चारी बाजूंना बघताहेत. रात्री शिट्टी वाजवत होते. तराफ्यातलं पाणी घोटभरच प्यायलेत, बाकी राखून ठेवलंय, कोणी सापडलं तर द्यायला. वैमानिक सांगतोय अकराही जण घरी पोचले, तर हे म्हणतात, 'तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.'"

भरतीबाईंनी चष्मा काढला. गेले दोन दिवस सगळं केंद्र ज्याला शोधत होतं, तो स्वतःच शोधाला बसला होता. त्याच्याकडे ना नकाशा होता, ना बोया.

"माझं बोलणं होईल?" स्वयंपाक्याच्या बायकोने विचारलं. ती उठून उभी राहिली होती, पदर खोचून.

प्रमुखाने तिला वर रेडिओच्या खोलीत नेलं. संकटाच्या वाहिनीवर घरच्या माणसांनी बोलायची पद्धत नाही. प्रमुखाने शेजारची वाहिनी लावून दिली आणि बटण कसं दाबायचं ते दाखवलं. तिने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"अहो, ऐकताय ना? मी बोलतेय. अकराही जण आलेत. मी स्वतः मोजलेत, माझ्यासमोर चहा पिऊन गेले. तुमचा शोध संपला. आता घरी या."

पलीकडून पंख्यांच्या घरघरीतून एक घोगरा, दमलेला आवाज आला.

"बरं. तू मोजलेस म्हणजे असतील."